श्रावणातली साल

निघताना सासूबाईंनी लाडू-चिवडा काही दिला नाही. दिली ती पिंपळाच्या सालीच्या पुडीची डबी. "जर्मनीत तपासून आण. यात गुण आहे की नाही, मला एकदा खरं कळू दे." कऱ्हाडच्या आमच्या घरासमोरच्या पिंपळाखाली पडलेल्या खपल्या त्या श्रावणी शनिवारी वेचतात आणि हिरड्या सुजल्या की त्यांच्या काढ्याच्या गुळण्या करायला लावतात. शाळेत रसायनशास्त्र शिकवणारी मी, तीस वर्षं त्यांना हसत आले. आता त्या शहाऐंशीच्या. उत्तर घेतल्याशिवाय परतायचं नाही, हे मी पक्कं केलं.

भाची मुग्धा हॅनोव्हरच्या विद्यापीठात वनस्पतींतल्या रसायनांवर काम करते. तिनं पूड उकळली, गाळली, फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले. साल तुरट लागते आणि सुजलेली हिरडी आवळते ती टॅनिनमुळे; ते असलं की रंग काळा होतो. इथे जेमतेम मळकट झाला.

"मावशी, यात फारसं काही नाहीये गं."

माझंच खरं ठरलं होतं, तरी वाईट वाटलं. "ताज्या सालीवर करू," मी म्हटलं.

"इथे पिंपळ कुठून आणू?"

"शोध."

गुरुवारी आम्ही बर्लिनच्या एका बोटॅनिशर गार्टनमध्ये (वनस्पती उद्यानात) पोचलो. बाहेर बोचरा वारा, आणि काचघरात चक्क पिंपळ, शेंडा छताला टेकलेला. मुग्धानं म्हाताऱ्या माळ्याला विचारलं.

"या, या (हो, हो)," तो म्हणाला, "दर वर्षी छाटतो. नाहीतर काच फोडेल."

छाटलेली एक फांदी त्यानं माझ्यापुढे धरली. माझे हात आपोआप पाठीमागे गेले. पिंपळाला शिवायचं ते शनिवारी.

"तू केमिस्ट्रीची बाई ना?" मुग्धा हसत सुटली. परतीच्या गाडीत फांदी तिच्याच मांडीवर होती. मी आपला ब्रेत्सेल (गाठ मारलेला खारा पाव) खात बसले.

दुसऱ्या दिवशी त्या सालीच्या काढ्यात थेंब पडले आणि रंग शाईसारखा काळा झाला.

"गेनाऊ! (अगदी बरोबर!) आजींची साल पावसात भिजते. टॅनिन पाण्यात विरघळून जातं. पण एवढ्यावरून औषध ठरत नाही हं."

तेही मान्य. मला मात्र वेगळीच लाज वाटत होती. ही चाचणी मी दरवर्षी वर्गात करून घेतली. घरातल्या डबीवर एकदाही केली नाही. त्यासाठी जर्मनी गाठावी लागली.

मे महिन्यात परतले. बॅग न उघडताच सासूबाईंना सगळं सांगितलं. "आई, सालीत तुरटपणा आहे, तुमच्या डबीत नव्हता. पण न तपासता हसले, ते माझं चुकलं."

"झाडाला नख लावायचं नाही," त्या म्हणाल्या. मग काठी घेऊन उठल्या. "पडलेलीच घ्यायची. पण आता पावसाआधी. चल, आज शनिवारच आहे."