फाटकाआडच्या सायकली

इंदूबाई सायकल शिकल्या तेव्हा छत्तीस वर्षांच्या होत्या. सायकल मुलीची, दीक्षाची. आठवीत असताना तिला शाळेतून मिळालेली. खरबीच्या एका मोकळ्या प्लॉटवर दीक्षा मागून कॅरिअर धरून पळायची आणि आईला म्हणायची, खाली नको पाहू, समोर पाह्य. महिनाभरात इंदूबाईंना समोर पाहता येऊ लागलं. पुढं दीक्षा नर्सिंगला गेली, सायकल आईकडे राहिली. आधी त्या पायी दोन घरचा स्वयंपाक करत होत्या, सायकलीवर पाच घरं झाली. पाचही नंदनवनच्या मागच्या शिक्षक ले-आउट नावाच्या वसाहतीत.

घरून तिथपर्यंतचा रस्ता मात्र वाईट. ट्रक, ऑटो, बांधकामाची रेती. एकदा ऑटोनं हूल दिली आणि त्या रेतीवरून घसरल्या. उजव्या मनगटाला सहा आठवडे प्लास्टर. पोळ्या करणाऱ्या बाईचं उजवं मनगट गेलं म्हणजे काय गेलं, हे वेगळं सांगायला नको. दोन घरांनी दुसऱ्या बाया लावल्या. ती घरं परत मिळाली, पण त्यानंतर मोठा रस्ता आला की इंदूबाईंचे खांदे आपोआप आखडत. धम्मानंद, त्यांचे यजमान, कन्हानकडे गवंडीकामाला असतात आणि रविवारी घरी येतात. ते म्हणाले, सोड सायकल. पण सायकल सोडायची म्हणजे तीन घरं सोडायची.

मग एक दिवस रस्त्याच्या कडेनं हिरवा पट्टा रंगवला गेला. बाजूनं प्लास्टिकचे खांब, मध्ये पांढऱ्या सायकलीचं चित्र. नाक्यापासून थेट ले-आउटच्या शेवटच्या घरापर्यंत. धम्मानंद हसले, रंगानं का ट्रक थांबते? ट्रक थांबत नव्हते, पण पट्ट्यात शिरतही नव्हते. हळूहळू इंदूबाईंचे खांदे सैल झाले.

ट्रक शिरत नव्हते. मोटारसायकली शिरत होत्या.

इंदूबाईंचं चौथं घर मिनलताईंचं. मिनलताई कॉलेजात शिकवतात, त्यांचे यजमान ऋषी दौऱ्यावर असतात. घरात तिसरे बापूजी, मिनलताईंचे सासरे, वय एक्क्याऐंशी. उमरेडकडच्या कोळसा खाणीत त्यांनी तीस वर्षं हजेरी लिहिली. इंदूबाई त्या घरात सात वर्षं आहेत. बापूजींना भाकरी किती पातळ लागते, ती दुधात किती वेळ भिजली की त्यांना दातांशिवाय खाता येते, हे इंदूबाईंना सुनेपेक्षा जास्त ठाऊक. बापूजी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसत आणि भाजीत तिखट कमी पडल्याचं वास घेऊनच सांगत.

ऑगस्टमधल्या एका सकाळी इंदूबाई सहज बोलून गेल्या, सांबार संपला आज. बापूजी उठले, चप्पल घातली, ठेल्यावर सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी आणायला निघाले. फाटकातून बाहेर पडताना त्यांनी उजवीकडे पाहिलं. गाड्या उजवीकडून येतात, ऐंशी वर्षांची सवय. दुभाजकाला वळसा घालायचा कंटाळा म्हणून पट्ट्यातून उलटी घातलेली मोटारसायकल डावीकडून आली.

मांडीचं हाड मोडलं. आत रॉड घातला, वॉकर आला. डॉक्टर म्हणाले, रोज थोडं बाहेर चाला. बापूजी म्हणत, उद्यापासून. पाच महिने ते उद्यापासूनच चालत होते. व्हरांड्याच्या पायरीपर्यंत जात, फाटकाकडे बघत आणि परत फिरत.

मिनलताईंनी महापालिकेला अर्ज लिहिला. सायकल पट्ट्यावरून सायकली जात नाहीत, मोटारसायकली उलट्या येतात, म्हाताऱ्यांना आणि मुलांना फाटकाबाहेर पाय टाकायची भीती वाटते. तरी पट्टा काढून टाकावा. पहिली सही बापूजींची, खाली ले-आउटमधल्या बत्तीस घरांच्या. अर्जात खोटं कुणाला काही दिसलं नाही. जानेवारीत कचेरीतून धर्मेंद्र नावाचे एक गृहस्थ पट्ट्यावरच्या वाहनांच्या मोजणीला आले. दोन दिवस, सकाळी दहा ते बारा. मिनलताईंनी त्यांना फाटकाच्या सावलीत खुर्ची दिली, चहा दिला. पहिल्या दिवशीचा आकडा त्या रजा काढून घरी थांबल्या होत्या म्हणून त्यांना लगेच कळला. मोटारसायकली सेहेचाळीस, सायकली तीन. स्वयंपाकघरात येऊन त्यांनी तो आकडा आनंदानं सांगितला आणि वर गेल्या.

तव्यावरची पोळी जळली.

सात वर्षांत ती पहिली जळलेली पोळी. बापूजींना दारातल्या खुर्चीत वास आला.

"काय झालं वं इंदू?"

"काही नाही, बापूजी."

"पोळी जाळून म्हणते काही नाही."

इंदूबाईंनी गॅस बारीक केला. मग त्या हळू आवाजात बोलल्या, वर ऐकू जाऊ नये इतक्या हळू. "सायकली लय आहेत, बापूजी. पण दहा वाजता पट्ट्यावर कोण दिसन? आम्ही सकाळी साडेसहालेच पोचून जातो. दहाले सगळ्या जणी आत पोळ्या करून राहिल्या असतात."

"मंग बोलली काहून नाही इतके दिवस?"

"कोण्या तोंडानं बोलू? तुमचं हाड मोडलं त्या पट्ट्यावर. अन् सांबार संपला म्हणून मीच बोलली होती."

पाच महिने ही बाई हे पोटात घेऊन आपली भाकरी भिजवत होती, हे बापूजींना आत्ता कळत होतं.

"सांबार मी माह्या जिभेसाठी आणाले गेलो होतो," ते म्हणाले. "तुह्यासाठी नाही. उगाच मोठेपणा नको घेऊ."

इंदूबाईंना हसू आलं आणि त्यांनी पदरानं डोळे पुसले. मग बापूजींनी विचारलं, पट्टा गेला तर काय करशील. त्यांनी सरळ सांगितलं की मोठ्या रस्त्यावर त्या परत सायकल घालणार नाहीत. पायी दोन घरं होतील, आणि हे घर त्या दोनांत बसणार नाही, फार आत आहे.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला बापूजींनी वॉकर मागितला आणि चपला मागितल्या. मिनलताई वर फोनवर होत्या. इंदूबाईंनी पाचव्या घरी उशीर होईल म्हणून कळवलं आणि बापूजींच्या मागोमाग निघाल्या. पायरी उतरली, अंगण संपलं, फाटक आलं. तिथं बापूजी थांबले. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, परत उजवीकडे. पाय पुढं पडेना. इंदूबाईंनी हात धरला नाही. त्या पुढं होऊन पट्ट्यात डाव्या बाजूला उभ्या राहिल्या, जिकडून ती मोटारसायकल आली होती तिकडे तोंड करून, कमरेवर हात ठेवून. एक गाडी आलीच. पोरगेल्या तोंडाच्या माणसानं हॉर्न वाजवला, परत वाजवला. त्या हलल्या नाहीत. तो पुटपुटत खाली रस्त्यावर उतरला.

बापूजींनी पाय बाहेर टाकला.

"चला धर्मेंद्रजी," ते म्हणाले, "सायकली दाखवतो."

शेजारच्या फाटकाआड दोन होत्या, पाण्याच्या टाकीला टेकलेल्या. त्याच्या पुढच्या घरी एक, हँडलला डबा लटकवलेला, ती चौकीदाराची. अर्धवट बांधलेल्या घराच्या आत सहा गवंड्यांच्या सहा, एकमेकींच्या अंगावर रेललेल्या. एका घरी म्हाताऱ्या आजींची देखभाल करणाऱ्या मुलीची, नवी, सीटवर प्लास्टिक अजून तसंच. घरमालकीण बाहेर येऊन विचारू लागली, ही कुणाची सायकल? तिला खरंच माहीत नव्हतं.

धर्मेंद्र कागद हातात धरून अवघडले. त्यांच्या तक्त्यात चालत्या वाहनांचाच रकाना होता. उभ्या सायकली लिहायच्या कुठं?

"मी तीस वर्षं खाणीत हजेरी लिहिली," बापूजी म्हणाले. "दहा वाजता वर कोणीच दिसत नव्हतं. सगळे खाली. म्हणून मी काय गैरहजर लिहू त्याइले?"

धर्मेंद्र हसले. त्यांनी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर रेघा मारायला सुरुवात केली.

अकराव्या फाटकापर्यंत तेवीस झाल्या. बापूजींना धाप लागली, ते एका कुंपणाच्या कठड्यावर बसले. तेवढ्यात मिनलताई घाबऱ्या घाबऱ्या आल्या. रिकामी खुर्ची, उघडं फाटक बघून त्या तशाच धावत निघाल्या होत्या. अकरा घरं पलीकडे, पाच महिन्यांनी, सासरे उन्हात बसलेले दिसले तशा त्या मध्येच थांबल्या. मग म्हणाल्या, बाबा, स्वेटर तरी घालायचं होतं.

बापूजींनी त्यांना तेवीसचा आकडा सांगितला. मिनलताईंनी इंदूबाईंकडे पाहिलं. त्यांच्या फाटकाआडही एक सायकल उभी असायची. सात वर्षं त्या तिला वळसा घालून कॉलेजला जात होत्या.

धर्मेंद्रांनी जाताना सांगितलं की शेरा ते लिहितील, पुढं काय होईल ते त्यांच्या हातात नाही. पण पहिला अर्ज मागं घेऊन दुसरा दिला तर बरं. पट्टा ठेवा, तोंडाशी मोटारसायकली अडतील असे खांब लावा, असा.

म्हणून दुपारी मिनलताई जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसल्या. बापूजी पलंगावर आडवे झाले होते. पाय दुखत होता, पण डॉक्टरांना फोन नको म्हणाले. इंदूबाई पाचवं घर उरकून परत आल्या होत्या, बापूजींच्या राहून गेलेल्या भाकरी करायला. मिनलताईंनी विचारलं, इंदूबाई, पट्टा वापरणारी बाई म्हणून तुम्हाला आणखी काही लिहायचं आहे का? त्यांना वाटलं, त्या म्हणतील, काही नाही ताई, पट्टा राहिला म्हणजे झालं.

इंदूबाईंनी भाकरी थापता थापता सांगायला सुरुवात केली. पिंपळाजवळ गटाराचं झाकण वर आलेलं आहे, चाक अडते. शाळेच्या वळणावर पावसात पाणी साचते, खड्डा दिसत नाही. सकाळचे दिवे साडेपाचलेच बंद होतात, हिवाळ्यात तेव्हा अंधार असते. प्रत्येक फाटकासमोर पांढरी रेघ मारा, आम्हालेही समजलं पाहिजे का इथून म्हातारं माणूस निघते. बापूजीले आमच्यातल्याच एखादीनं धडक दिली तर? मिनलताई लिहीत होत्या. त्यांनी दुसरा कागद घेतला.

"अन् पट्ट्यात कारा उभ्या करून ठेवतात लोकं," इंदूबाई म्हणाल्या. "मंग आम्हाले खाली उतरा लागते, ट्रकाच्या रस्त्यात."

"कोण लोकं?"

इंदूबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "सगळेच. तुमची बी राहते ताई, फाटकाच्या बाजूले."

पेन थांबलं. पलंगावर बापूजी खोकले, आणि तो खोकला नव्हता.

मिनलताईंनी पाचवा मुद्दा लिहिला. रहिवाशांच्या गाड्या पट्ट्यात उभ्या असतात. मग 'रहिवाशांच्या' या शब्दावर काट मारली आणि वर लिहिलं, आमच्या. सही करून त्यांनी कागद बापूजींकडे नेला. येताना खिळ्यावरची गाडीची किल्ली काढली आणि फाटक पूर्ण उघडायला बाहेर गेल्या.