“आई, तू हॉटेलवर आराम कर”

मंडळी, आज सकाळपासून डोकं फिरलंय. पुढच्या महिन्यात आम्ही मुंबई फिरायला जातोय. चहा घेताना मुलगा म्हणाला, “मोठी गाडी कशाला भाड्याने घ्यायची? लहान पुरेल. आई, तू हॉटेलवर आराम कर.”

असंच मी बहात्तर साली ऐकलं होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. भिंगारहून सासरचे सगळे मुंबई बघायला गेलो होतो. टॅक्सी करायची की बसने फिरायचं, यावर लॉजमध्ये बराच वाद झाला. शेवटी मामंजींनी दिवसभरासाठी टॅक्सी ठरवली आणि फर्मावलं, “बायकांनी खोलीवर थांबा. गाडीत जागा न्हाई.”

मी तोवर समुद्र पाहिला नव्हता. सरळ खाली गेले आणि टॅक्सीत जाऊन बसले. हे धावत आले. “उतर खाली, लोक बघतायत!”

“बघू देत.”

तेवढ्यात सासूबाई आल्या. वाटलं, आता या मला ओढून बाहेर काढणार. पण त्या माझ्या शेजारी बसल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

मामंजींनी टॅक्सीच परत पाठवली आणि रागारागाने त्याच दिवशी सगळ्यांना भिंगारला परत नेलं. त्या सहलीत समुद्र कुणीच पाहिला नाही. सासूबाईंनी तर मरेपर्यंत पाहिला नाही.

हे सगळं आज मुलाला सांगितलं, तर तो हसला. मग मीही सुनावलं, “तुमची लहान गाडी तुम्हाला लखलाभ. मी माझी वेगळी करीन.” तेव्हापासून सावेडीच्या या घरात कुणी कुणाशी बोलत नाहीये.

बायांनो, तुमच्या घरी हे कोण ठरवतं? आणि तुम्ही ऐकून का घेता?