तापाच्या चिठ्ठ्या

मी दहावीची वर्गशिक्षिका. गैरहजेरीच्या चिठ्ठ्या माझ्याकडे येतात आणि बहुतेकांत तापच असतो. काल सायलीनं आईची चिठ्ठी दिली, ‘तीन दिवस ताप होता.’ खाली पेन्सिलीनं तिनं स्वतः लिहिलं होतं, ‘ताप नव्हता. रडू थांबत नव्हतं.’

“बाई, हे कारण चालतं?”

“चालतं की. आता कसं वाटतंय?”

“थोडं बरं. डॉक्टरांकडे जातेय.”

ती बाकावर जाऊन बसली. मी जुन्या चिठ्ठ्या चाळत राहिले. यांतले खरे ताप किती असतील? कपाळाला हात लावून कळतं, तेवढंच आपण दुखणं मानतो का?

मग गेल्या वर्षीचा माझा रजेचा अर्ज आठवला. त्यात मीही तापच लिहिला होता. अंग तर गार होतं.