खालचा बाण

तुयेच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या एका कारखान्यात मी कागदपत्रांचं काम बघायचे. नव्या मालाची कृती पायरीपायरीने टाइप करून प्लांटमध्ये द्यायची: काय किती घालायचं, टाकी तापवणाऱ्या वाफेचा दाब कधी वाढवायचा, कधी उतरवायचा. वाढवायचा तिथे वर तोंड केलेला बाण, उतरवायचा तिथे खाली. टाकी चालवणारे मामा सावंतवाडीकडचे, सातवी शिकलेले. इंग्रजी वाक्यांपेक्षा आकडे आणि बाण त्यांना चटकन कळत.

आधी मी कागद छापून द्यायचे. त्या आठवड्यात टाकीजवळ स्क्रीन बसली. मी फाइलमधली कृती उचलून नव्या प्रोग्रॅममध्ये चिकटवली आणि चहा प्यायला गेले. एकदा वाचून बघायला हवी होती. नाही बघितली.

अकराच्या सुमारास प्लांटमधून मामांचा फोन आला.

"बाय, चवथ्या पायरीर बाण नाय. इंग्रजी 'ए' आसा, आणि तेच्या डोक्यार टोपी."

"मामा, चष्मा लावलाय ना?"

"लावलंय गे. दुसरीर पण 'ए'च होतो, पण तेच्या डोक्यार तिरकी रेघ. थंय दाब वाढवूचोच असता, ता माका म्हायत. पण ह्यो माल नवो. चवथीर वाढवू काय उतरवू?"

मी प्रोग्रॅम उघडला. खरंच, बाण एकही नव्हता. तेवढ्यात फोनमधून सुपरवायझरांचा आवाज आला. ते पेडण्याचे, घाईचे. "टोपयेचें तोंड वयर आसा मरे! म्हणजे वाढय. वेळ वता."

मी मूळ फाइल उघडली. चौथ्या पायरीवर बाण खाली होता. "उतरवा!" मी ओरडले, पण तिकडे फोन ठेवलेला होता. परत लावला, कुणी उचलेना.

पाचव्या पायरीला झाकण उघडून थिनर ओतायचा होता. तापलेल्या टाकीत थिनर पडला तर भडकाच! मी जिन्यावरून धावत खाली आले, अंगण ओलांडलं. चप्पल वाटेतच कुठेतरी निघाली. आत सुपरवायझर वाफेच्या व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवून उभे होते आणि मामांनी दोन्ही हातांनी तेच चाक धरून ठेवलं होतं.

"बायचो निरोप येयसर हात लावूक दिवचंय नाय," मामा म्हणत होते.

"खाली! सर, तो बाण खालचा आहे!"

सुपरवायझरांनी हात काढला. मामांनी चाक उलटं फिरवलं. दाबाचा काटा हळूहळू उतरायला लागला. मी तिथेच एका ड्रमवर बसले.

दुपारी डिचोलीहून कॉम्प्युटरवाला आला. फाइल बघून म्हणाला, "मॅडम, यात बाण कधी नव्हताच. हा चित्रांचा जुना फॉन्ट. आत साठवलेलं असतं टोपीवालं 'ए', फॉन्ट त्याच्या जागी बाण काढून दाखवतो. नव्या प्रोग्रॅममध्ये तो फॉन्ट नाही, मग उरलं ते 'ए'." खऱ्या बाणाला स्वतःचा क्रमांक असतो, हे मला तेव्हा कळलं. वरच्याला २१९१, खालच्याला २१९३. त्याने खालच्याचा आकडा टाइप करून ऑल्ट आणि एक्स दाबून दाखवलं. बाण उमटला. तो प्रोग्रॅममध्ये नेला, तरी बाणच राहिला.

चार वर्षं मी 'ए'लाच बाण समजत होते.

संध्याकाळपर्यंत सगळ्या कृती एकेक करून तपासल्या. मग झालं ते सगळं, आणि चूक माझी, असं लिहून मॅनेजरकडे दिलं. त्यांनी वाचलं आणि एवढंच विचारलं, "चाक कोणी धरलं होतं?" मी मामांचं नाव सांगितलं. सुपरवायझर त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मामांना नवी कृती दाखवली तेव्हा त्यांनी बाणांवर बोट फिरवलं. "बरे आसत. पण बाजूक मराठीतून पण लिव. अक्षरा वाचूक येतत माका."

इतक्या वर्षांत मी त्यांना ते कधी विचारलंच नव्हतं. त्यांच्यासमोरच बसून मी चौथ्या पायरीवर टाइप केलं : दाब कमी करा.