मस्कत धुळ्यापेक्षा जवळ

लेकीचं लग्न ठरवताना मस्कत कुठे आहे ते आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं. मुलगा तिकडे एका कंपनीत स्टोअरकीपर होता, आईबाप इथे सुरतेतच, पर्वत पाटियाला. मध्यस्थ म्हणाला, "मावशी, विमानाने मुंबईपर्यंत अडीच तास. तुमच्या धुळ्याच्या एसटीला याच्या दुप्पट लागतात." सगळे हसले. नवागामच्या आमच्या खोलीत चहा झाला आणि लग्न ठरलं. पुढे गल्लीत कुणी विचारलं की माझा नवरा सांगायचा, लेक धुळ्यापेक्षा जवळ दिली आहे.

वर्षाने तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, यात वाद नव्हता. मी विहिणीकडे जाऊन म्हटलं, सातव्यातच आणा.

"सातव्यात त्याला रजा नाही, विहीणबाई. एकटी कशी येणार?"

"मग आठव्यात."

"आठव्यात बाईला कुणी प्रवासाला काढतं का? नववा लागू द्या. तेव्हा मी सांगते त्याला, एकटीला बसवून दे म्हणून. अडीच तासांचं तर काम."

आठव्यात प्रवास करत नाहीत हे मलाही माहीत होतं. नववा ठरवून मी घरी आले.

नववा लागला. मी डिंक आणून ठेवला, खाट कसून घेतली. नवरा तिला आणायला मुंबईला गेला आणि एकटाच परत आला. विमान आलं, माणसं बाहेर आली, लेक आली नाही. संध्याकाळी चौकातल्या एसटीडीवाल्याकडे तिचा फोन आला. त्याने मला हाक मारली.

"माय, माले विमानमा बसू दिन्हं नही."

काउंटरवरच्या बाईने पोट बघून महिना विचारला. हिने खरा सांगितला. इतके दिवस भरलेली बाई विमानात घेत नाहीत म्हणे. आधी निघाली असती तर घेतली असती. हे ना विहिणीला माहीत, ना शिकलेल्या जावयाला.

"आते कसं, माय?"

मी तिथल्याच दवाखान्यात जा म्हटलं. तेवढ्यात फोन तुटला.

बाळ तिथेच झालं. मेलेलंच झालं. मुलगी होती. जावयाने कुठे पुरली ते लेकीलाही दाखवलं नाही.

दीड महिन्याने ती आली. मी तिला तेल लावलं, शेक दिला. बाळंतिणीचं सगळं केलं. ती करून घ्यायची. विहीण भेटायला आली आणि म्हणाली, "पुढच्या वेळी सातव्यातच आणू."

"पुढची वेळ नाही," मी म्हटलं. "ती आता इथेच राहील."

लेक ताट पुढ्यात घेऊन बसली होती. वर न बघता म्हणाली, "आठे राहीसन काय करू, माय?"

एका खोलीत आम्ही पाच माणसं, नवरा कामाला होता तो कारखाना बंद पडायच्या बेतात. मी तिच्या ताटात भाकरी वाढली.

महिन्याभरात ती परत गेली. नवरा तिच्यासोबत मुंबईपर्यंत गेला. मी दोघांना सुरत स्टेशनावर गाडीत बसवलं आणि भाजी घेऊन घरी आले.