झाकणाच्या आतली सही

कॅझ ड्राबिकने उभ्या आयुष्यात एकही खोकं न उघडता गिऱ्हाइकाच्या हातात दिलं नाही. डेट्रॉइटला खेटून असलेल्या हॅमट्रॅमॅक गावात, कोनांट रस्त्यावर डॉज आणि प्लिमथ गाड्यांचं जे दुकान होतं, तिथे सुट्या भागांच्या काउंटरमागे तो एकतीस वर्षं उभा होता. कुणी पंप मागितला की मोपार छापाचं खोकं फळीवरून काढायचं, उघडायचं, लोखंडात उठवलेल्या नंबरावरून बोट फिरवायचं, खोक्यावरच्या नंबराशी ताडून बघायचं आणि मग लाल मेणपेन्सिलीने झाकणाच्या आतल्या बाजूला ‘के. डी.’ लिहून तारीख टाकायची. एवढं झाल्याशिवाय माल हलत नसे.

गिऱ्हाइकं वैतागायची. ‘‘कॅझ, मला पंप हवाय, पंपाची कुंडली नकोय.’’

‘‘रस्त्यात बंद पडलास की कुंडलीच आठवेल,’’ तो म्हणायचा आणि सावकाश तारीख लिहायचा.

हा हट्ट त्याच्या बापाचा. इग्नात्सी ड्राबिक गावातल्या डॉजच्या मोठ्या कारखान्यात, सुट्या भागांच्या गोदामात होता. मोपार हे नाव कुठल्या शेठजीचं नाही, संताचं नाही. मोटर आणि पार्ट्स हे दोन शब्द अर्धे अर्धे कापून जोडले आणि सदतीस साली इंजिनातलं पाणी थंडीत गोठू नये म्हणून घालायच्या औषधाच्या डब्यावर छापले. म्हातारा मात्र ते नाव देवळातल्यासारखं घ्यायचा. ‘‘ज्यांनी गाडी जन्माला घातली तेच तिचं म्हातारपणही बघणार, एवढाच त्याचा अर्थ,’’ असं तो जेवताना सांगायचा. पुढे कारखाना बंद झाला, पाडला गेला. ज्या भिंतींनी अर्ध्या गावाला पोसलं त्यांचा भुगा ट्रकांतून निघून गेला आणि गावाजवळ अभिमान बाळगायला ती खोकी तेवढी उरली.

लोक माल घेऊन जायचे आणि खोकं काउंटरवर टाकून जायचे. कॅझ ती चपटी करून घरी आणायचा. पिवळी, निळी, पांढरी, सगळी त्याच्या सहीची. त्याची बायको लोद्झिया म्हणायची, ‘‘लोकांच्या घरात उंदीर पुठ्ठा आणतात, माझ्याकडे नवरा आणतो.’’

आता रोमान पिटेलबद्दल सांगायला हवं, आणि सांगताना माझं तोंड कडू होतं. रोमान आणि कॅझ एकाच शाळेत, एकाच चर्चमध्ये वाढले. कॅझच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घेणारा धर्मपिता रोमानच. तेव्हापासून दोघं एकमेकांना ‘कूम’ म्हणायचे. आमच्या पोलिश लोकांत हे नातं व्याह्यापेक्षा जवळचं आणि भावापेक्षा किंचित दूरचं. दर शुक्रवारी रोमान लोद्झियाच्या हातचे बटाट्याचे पिएरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, चापायला हजर असायचा आणि निघताना डबाही भरून न्यायचा.

कॅझ निवृत्त झाला त्या वर्षी रोमान म्हणाला, ‘‘कूम, तुझी ती खोकी दे ना मला. तळघरातल्या बारची भिंत मढवतो. माणूस बिअर प्यायला बसला की त्याला तुझे हातच दिसले पाहिजेत.’’

कॅझला भरून आलं. त्याने दोनशेच्या वर खोकी स्वतः गाडीत घालून दिली. लोद्झियाने बऱ्याच दिवसांनी घरचं तळघर झाडलं. नंतर दोन वर्षं रोमानने त्याला आपल्या तळघरात काही नेलं नाही. तळघरात पाणी झिरपतंय म्हणाला. कॅझने एक पंप देऊ केला, तर तोही नको म्हणाला.

एका मंगळवारी सकाळी दारात एक अनोळखी माणूस उभा राहिला. लूशियस टॉलिव्हर, डेट्रॉइटच्या पूर्व भागात राहणारा, निवृत्त बस ड्रायव्हर. हातात पिवळं खोकं.

‘‘मिस्टर ड्राबिक तुम्हीच ना? झाकणात तुमची सही आहे. वडलांची एकोणसत्तरची प्लिमथ मी पुन्हा उभी केली. ब्रेकचा मास्टर सिलिंडर जुन्या सुट्या भागांच्या जत्रेत मिळाला. जुना, न वापरलेला, अस्सल मोपार. सगळे म्हणाले, के. डी. असेल तर डोळे मिटून घे.’’

‘‘मग?’’

‘‘घेतला डोळे मिटून. रविवारी आईला चर्चला नेत होतो. पायाखालचा ब्रेक खाली गेला तो वर आलाच नाही. शेजाऱ्याच्या कुंपणात घुसलो. आईचं मनगट मोडलं. ब्याऐंशी वर्षांची आहे ती.’’ तो आवाज चढवत नव्हता, आणि कॅझला तेच सोसवेना.

कॅझने सिलिंडर हातात घेतला. बोट फिरवायच्या आधीच त्याला कळलं. लोखंड नको तितकं गुळगुळीत होतं, नंबर कोरल्यासारखा धारदार, आतलं रबर तर सायकलच्या ट्यूबसारखं. कुठल्यातरी कोपऱ्यात ओतलेली नक्कल. पण खोकं खरं होतं. पेन्सिल खरी होती. ‘के. डी., ११ मार्च ७४’. अक्षर त्याचं होतं.

‘‘जत्रेत कुणी विकला?’’

‘‘पांढऱ्या मिशा, लाल टोपी. म्हणाला, कॅझ माझा कूम आहे. कूम म्हणजे काय?’’

कॅझने सिलिंडर परत खोक्यात ठेवला. कोट चढवून तो सरळ रोमानच्या घरी गेला आणि न विचारता तळघरात उतरला. तळघर कोरडं ठणठणीत होतं. बारमागच्या भिंतीवर एकही खोकं नव्हतं. चिकटवल्याचा डागसुद्धा नव्हता, म्हणजे ती कधी लावलीच नव्हती. टेबलावर नकली माल मांडला होता आणि शेजारी कॅझची खोकी घडी उलगडून ओळीने उभी होती.

रोमान मागोमाग जिना उतरला.

‘‘असा बघू नकोस,’’ रोमान म्हणाला. ‘‘अर्ध्या लोकांच्या गाड्या कापडाखाली झाकलेल्या असतात. ते खोकं फळीवर ठेवतात आणि खूश होतात.’’

‘‘एका म्हातारीचं मनगट मोडलंय.’’

रोमानचा चेहरा पडला, पण क्षणभरच. ‘‘मला काय माहीत तो माणूस खरंच गाडीला बसवणार म्हणून?’’

‘‘ब्रेक आहे तो, रोमान. गाडीला नाही बसवायचा तर काय भांगात भरायचा?’’

‘‘लोक खोकंच बघतात, कूम. उघडून बघायची सवय एकट्या तुला. आणि तूसुद्धा मला कधी उघडून बघितलं नाहीस.’’

एकतीस वर्षं कॅझने कंपनीच्या मोहोरबंद मालावरही विश्वास ठेवला नव्हता. आणि या माणसाच्या हातावर पोटची पोर ठेवली होती.

पुढच्या रविवारी मैदानावर जुन्या सुट्या भागांची जत्रा भरली. रोमानने टेबल मांडलं तसा कॅझ घरची खुर्ची घेऊन शेजारी येऊन बसला. जो कोणी खोकं उचलेल त्याला तो एकच सांगत होता, ‘‘सही माझी आहे, माल माझा नाही. उघडून बघा.’’ लोक आधी हसले. मग एकाने उघडलं, दुसऱ्याने उघडलं. टेबलाभोवती गर्दी जमली आणि रोमान मान खाली घालून आवराआवर करू लागला.

‘‘शाळेपासूनची दोस्ती चव्हाट्यावर आणलीस, कूम,’’ तो हळूच म्हणाला.

‘‘चव्हाट्यावर तुम्ही मांडलीत, मिस्टर पिटेल. टेबल तुमचं आहे.’’

या ‘तुम्ही’ने रोमानचे हात थांबले. त्याने एकदाच वर बघितलं आणि उरलेली खोकी तशीच टाकून निघून गेला. कॅझने ती गोळा केली नाहीत.

कॅझने निरोप धाडून बोलावलेला लूशियस गर्दीत उभा होता. कॅझने पिशवीतून एक निळं खोकं काढलं. त्याच्या स्वतःच्या एकोणसत्तरच्या डॉजसाठी राखून ठेवलेला हा शेवटचा अस्सल सिलिंडर; त्या सालच्या प्लिमथलाही तोच बसायचा. सील अजून शाबूत होतं.

‘‘आतलं रबर मात्र नवीन घाला. खरं रबरसुद्धा म्हातारं होतं. आईला सांगा, मी भेटायला येईन, चालणार असेल तर.’’

‘‘चालेल,’’ लूशियस म्हणाला. त्याने सील तोडलं, झाकण उघडलं आणि ते कॅझपुढे धरलं. टेबलावर पडलेली कुणाचीशी लाल पेन्सिलही त्याने उचलून दिली. ‘‘तुमची सही?’’

कॅझने पेन्सिल घेतली, बघितली आणि परत ठेवली. मग लूशियसचं बोट धरून लोखंडावरच्या नंबरावर नेलं.

‘‘सही नको. तुम्हीच वाचा,’’ तो म्हणाला. ‘‘हं, सावकाश. पहिला आकडा कोणता?’’