बौद्ध दर्शनाचा तास

चिखलीच्या कॉलेजात मी तत्त्वज्ञान शिकले आणि आता तिथेच शिकवते. आमचे सर बौद्ध दर्शन एका तासात उरकायचे आणि पुढचे चार तास इतरांनी केलेलं त्याचं खंडन शिकवायचे. मी जानेफळच्या बौद्ध घरातली. एकदा उठून विचारलं, "सर, यावर बौद्धांचं उत्तर काय?" सर शांतपणे म्हणाले, "ते अभ्यासक्रमात नाही." त्यांच्या बोलण्यात आकस नव्हता. मी खाली बसले.

सर निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी मी लागले आणि ती उत्तरंही शिकवू लागले. गेल्या वर्षी सर कसल्याशा कागदांवर सह्या करायला कॉलेजात आले होते. "बसू का तुझ्या वर्गात?" असं विचारून ते मागच्या बाकावर बसले. हे माझे सर, असं मी वर्गाला सांगितलं; ही उत्तरं आम्हाला कोणी शिकवली नव्हती, हे मुलांना माझ्याकडून आधीच कळलं होतं. तास संपताना एका मुलीनं त्यांना सरळ विचारलं, "सर, मंग तुमी हे काऊन नाही शिकवलं?"

सर म्हणाले, "मला कोणी शिकवलं नाही. आणि मीही शोधायला गेलो नाही."

असं काही ऐकून बरं वाटेल, असा माझा समज होता. तसं फारसं काही वाटलं नाही. मी हजेरी घेतली.

जाताना सरांनी माझ्या टिपणांची झेरॉक्स मागून नेली. आठवड्यानं त्यांचा फोन आला. दोन ठिकाणी माझी मांडणी सैल आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. आम्ही अर्धा तास वाद घातला. एका ठिकाणी त्यांचं बरोबर निघालं, ते मी दुरुस्त केलं. दुसऱ्या मुद्द्यावर ते अजून ऐकत नाहीत.